जनित्राचे अर्थिंग व शॉर्ट सर्किट संरक्षण

वीजजाळ्याला जोडलेल्या जनित्राचा न्यूट्रल जमिनीशी कसा जोडावा आणि दोष उद्भवल्यास यंत्र किती वेळात व कशा रीतीने बंद पाडावे, हे ठरवणारी व्यवस्था. वर्धा जिल्ह्यापुरते पाहिल्यास, मांडवा येथे उभारायचा 1,320 मेगावॅटचा औष्णिक प्रकल्प अर्धवट राहिला आणि ‘वर्धा’ हे नाव मिरवणारे 540 मेगावॅटचे साई वर्धा वीजकेंद्र प्रत्यक्षात चंद्रपूर जिल्ह्यात, वरोऱ्याला आहे. तरी या विषयात जिल्ह्याला स्थान आहे ते पॉवरग्रिडच्या 765/400 किलोव्होल्ट वर्धा उपकेंद्रामुळे. रायपूर व सिवनीकडून येणाऱ्या आणि औरंगाबाद व निजामाबादकडे जाणाऱ्या वाहिन्या तिथे एकत्र येतात. नागपूर जिल्ह्यातील एनटीपीसीचे मौदा केंद्रही 400 किलोव्होल्टवर त्याला जोडलेले आहे. वर्ध्याजवळच्या वाहिनीवर शॉर्ट सर्किट झाले की मौद्याची यंत्रे त्यात प्रवाह ओततात.

अर्थिंग ठरवताना दोन गरजा एकमेकींच्या आड येतात. जाळ्याला दोषप्रवाह मोठा हवा असतो. प्रवाह मोठा असेल तर रिलेला दोष चटकन ओळखता येतो, आणि न्यूट्रल जमिनीशी घट्ट बांधलेला असल्याने उरलेल्या दोन फेजचे जमिनीशी असलेले व्होल्टेज नेहमीच्या 1.4 पटीपलीकडे चढत नाही. जनित्राला मात्र तो प्रवाह सोसत नाही. स्टेटरच्या वेटोळ्याचे इन्सुलेशन फुटून मोठा प्रवाह गाभ्यात शिरला, तर लोखंडाच्या पातळ पत्र्या वितळून एकमेकींना चिकटतात. वेटोळे बदलता येते; जळालेला गाभा दुरुस्त करणे महिनोन्‌महिन्यांचे काम असते.

जनित्र व जाळे यांच्या मधल्या रोहित्रामुळे या पेचातून वाट निघते. त्याची जनित्राकडील बाजू डेल्टा, तर जाळ्याकडील बाजू स्टार असून थेट अर्थ केलेली असते. जमिनीतून परतणारा प्रवाह डेल्टा ओलांडत नाही, त्यामुळे दोन्ही बाजूंचे अर्थिंग स्वतंत्रपणे ठरवता येते. जनित्राच्या न्यूट्रलवर एक छोटे रोहित्र बसवून त्याच्या दुय्यम बाजूला रोध जोडतात आणि जमीनदोषाचा प्रवाह साधारण 5 ते 10 अँपिअरवर रोखतात. आपल्याकडच्या 500 मेगावॅटच्या संचाचा पूर्णभार प्रवाह 21 किलोव्होल्टला सुमारे 16,200 अँपिअर असतो, हे पाहिले म्हणजे ही मर्यादा किती कडक आहे ते कळते. मग न्यूट्रल मोकळाच का सोडू नये? कारण ठिणगी वारंवार विझून पुन्हा पेटली, तर वेटोळ्याच्या धारितेमुळे व्होल्टेज धोकादायक पातळीवर चढत जाते.

एवढा लहान प्रवाह डिफरन्शिअल रिलेला दिसत नाही. तो रिले फेज-फेज दोषांसाठी असतो. जमीनदोष न्यूट्रलवर उमटणाऱ्या व्होल्टेजवरून ओळखतात. त्यातून वेटोळ्याचा सुमारे 95 टक्के भाग राखला जातो. न्यूट्रललगतच्या 5 टक्क्यांसाठी तिसऱ्या हार्मोनिकचा आधार घेतात किंवा 20 हर्ट्‌झचा क्षीण संकेत वेटोळ्यात सोडतात. रोटरचे वेटोळे तर मुद्दामच जमिनीशी जोडलेले नसते: पहिला दोष निभावतो, दुसरा झाला की चुंबकीय ओढ असमतोल होऊन यंत्र हादरू लागते.

शॉर्ट सर्किटच्या पहिल्या काही आवर्तनांत जनित्र पूर्णभाराच्या चार-सहा पट प्रवाह देते, पुढे तो ओसरतो. उत्तेजन वाढले नाही तर टिकून राहणारा प्रवाह पूर्णभारापेक्षाही कमी भरू शकतो! म्हणून साध्या ओव्हरकरंट रिलेवर विसंबता येत नाही. व्होल्टेज घसरले की अधिक संवेदनशील होणारा रिले लावतात. 400 व 765 किलोव्होल्टच्या वाहिनीवरील दोष 100 मिलिसेकंदांत, म्हणजे पाच आवर्तनांत, दूर झाला पाहिजे, असा केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचा दंडक आहे. खुद्द जनित्रातल्या दोषाला मात्र ब्रेकर उघडणे पुरत नाही. रोटरचे क्षेत्र मावळेपर्यंत काही सेकंद यंत्र स्वतःच्या जखमेत वीज ओतत राहते. त्यामुळे फील्ड ब्रेकर व टर्बाइन त्याच क्षणी बंद करतात.

सौर प्रकल्पांत गणित उलटते. इन्व्हर्टर दोषातही रेटेड प्रवाहाच्या जेमतेम 1.1 ते 1.2 पट देतो, त्यामुळे दोष आणि भर दुपारची नेहमीची निर्मिती यांतला फरक ओव्हरकरंट रिलेला उमगत नाही.

वर्ध्याची काळी जमीन पावसाळ्यात उत्तम वाहक असते. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, इलेक्ट्रोडभोवतीची माती सुटते आणि रोध वाढतो. खाली बेसाल्ट लागला तर तो आणखी वाढतो. अर्थिंगची मोजणी कोरड्या ऋतूत, कोरड्या दिवशी करावी हा 1956 च्या वीज नियमांतला आग्रह इथे अगदी सार्थ आहे. उपकेंद्रात जमिनीखाली लोखंडी जाळी पुरतात, वर खडीचा थर देतात. खडीमुळे पायांतून जाणारा प्रवाह घटतो. ती शोभेची नाही.

जिनिंग कारखाने, दवाखाने व मंगल कार्यालये यांच्या डिझेल जनित्र (डीजी) सेटना हे सारे लागत नाही. त्यांचा 415 व्होल्टचा न्यूट्रल थेट अर्थ करतात, तर सांगाड्याला दोन स्वतंत्र अर्थ देतात. खरी जोखीम चेंजओव्हर स्विच नसण्यात आहे. सेटची वीज गावच्या रोहित्रातून उलटी चढून 11 किलोव्होल्ट होते आणि बंद समजून वाहिनीवर काम करणाऱ्या महावितरणच्या जनमित्राच्या (लाइनमनच्या) जिवावर बेतते. त्यासाठीच कामाआधी वाहिनी तपासून दोन्ही बाजूंना अर्थिंग रॉड लावायचा असतो.