चित्रपट-डिस्क : चित्र व ध्वनीची पारख

घरी पाहण्यासाठी डिस्कवर काढलेल्या चित्रपटाचे चित्र आणि आवाज मूळ चित्रपटाला किती धरून आहेत, हे तपासण्याची रीत. पाल (PAL) या टीव्ही-प्रसारण पद्धतीच्या व्हीसीडीची चौकट ३५२ × २८८ बिंदूंची, डीव्हीडीची ७२० × ५७६, ब्लू-रेची १९२० × १०८० आणि २०१६ पासूनच्या अल्ट्रा एचडी ब्लू-रेची ३८४० × २१६०. डिस्कवर किती मावते ते या आकड्यांवरून कळते. काय भरले आहे ते पाहूनच ठरते.

रिडली स्कॉट यांचा ‘ग्लॅडिएटर’ २००९ मध्ये ब्लू-रेवर आला, तेव्हा चित्र स्वच्छ करणाऱ्या सॉफ्टवेअरने सुरुवातीच्या लढाईतले जळते बाणच काही चौकटींतून पुसून टाकले. कडा ठसठशीत करण्याच्या नादात आकृत्यांभोवती रेघा उमटल्या त्या वेगळ्याच. प्रेक्षकांच्या तक्रारींनंतर २०१० मध्ये सुधारित आवृत्ती निघाली.

फिल्मवरची प्रतिमा ज्या बारीक कणांनी घडते ते ग्रेन. कापडाची वीण, चेहऱ्यावरची सुरकुती त्यातच असते. ग्रेन पुसला की माणसे मेणाची दिसतात. म्हणून नितळ चित्रावर भाळू नये. खरे दोष अंधारात, धुरात, हलत्या पाण्यात सापडतात : माहिती फार दाबून बसवली असेल तर तिथे ठोकळे दिसतात. तपासण्याआधी टीव्हीचा ‘व्हिव्हिड’ मोड बंद करावा.

सत्यजित राय यांच्या ‘अपू’ चित्रत्रयीच्या निगेटिव्ह १९९३ मध्ये लंडनमध्ये लागलेल्या एका आगीत होरपळल्या. बोलोन्यातील प्रयोगशाळेत त्यांची दुरुस्ती झाली. जो भाग वाचला नाही तो इतर प्रतींतून घेतला. त्यामुळे २०१५ च्या ब्लू-रेवर पोत कुठे बदलला तर तो डिस्कचा दोष मानू नये.

आवाजाची पारख मोठेपणावर होत नाही. कुजबुज आणि स्फोट यांतले अंतर टिकले आहे का, संवाद स्पष्ट आहेत का, हे ऐकावे. पाल डीव्हीडीत सेकंदाला २४ चौकटींचा चित्रपट २५ ने धावतो. अडीच तासांचा खेळ सहा मिनिटे आधी संपतो आणि आवाज दुरुस्त केला नसेल तर काळी एकमधले गाणे पांढरी दोनकडे सरकते. हार्मोनियमवर बसणाऱ्याला हे लगेच कळेल.

‘जॉज’ या चित्रपटाचा मूळ ध्वनी मोनो, म्हणजे एकाच वाहिनीचा होता. २००० च्या डीव्हीडीवर केवळ नव्याने मिसळलेला, अनेक वाहिन्यांचा ५.१ ट्रॅक होता, काही आवाजही बदललेले होते. मोनो परतला २००५ च्या आवृत्तीत. मूळ ट्रॅक नसलेली डिस्क, तिचा आवाज कितीही घुमो, अपुरीच समजावी.