बिनशब्दांची हास्यचित्रे

मंडळी, दिवाळी अंक हातात पडला की आधी कथा वाचणारे थोडे, आणि हास्यचित्रे शोधत पाने उलटणारे जास्त! परदेशात वाढणाऱ्या आपल्या मुलांना मात्र ही मजा अर्धीच मिळते. चित्र दिसते, पण खालची मराठी ओळ वाचता येत नाही. आईबाबा इंग्रजीत समजावून सांगेपर्यंत विनोद पार थंड झालेला असतो. अशा घरांसाठी शि. द. फडणीस यांची ही ओळख.

फडणीसांचा जन्म २९ जुलै १९२५ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या भोज गावचा. चित्रकलेचे शिक्षण मुंबईच्या जे. जे. मध्ये झाले. 'हंस', 'मोहिनी'चे संपादक अनंत अंतरकर यांनी त्यांना हास्यचित्रांकडे वळवले. १९५२ मधले त्यांचे 'मोहिनी'चे मुखपृष्ठ फार गाजले. तरुणीच्या साडीवर आणि शेजारच्या तरुणाच्या शर्टावर मांजर-उंदरांची नक्षी. बस, एवढेच! खाली एक अक्षर नाही. पुढे त्यांची 'हसरी गॅलरी' पुस्तकातून आणि प्रदर्शनांतून घरोघरी पोचली. बालभारतीच्या गणिताच्या पुस्तकांतही त्यांची चित्रे आली. (गणिताच्या पुस्तकात हसू, हे आम्हा इंजिनियर लोकांना जास्तच पटते.) २०२५ मध्ये त्यांनी वयाची शंभरी गाठली.

राजकीय व्यंगचित्राची गोष्ट वेगळी. आर. के. लक्ष्मण यांचा कॉमन मॅन १९५१ पासून तोंडातून शब्द न काढता सगळे पाहत राहिला, पण त्यातला टोमणा कळायला त्या दिवसाची बातमी ठाऊक हवी. फडणीसांच्या चित्राला बातमी लागत नाही. रोजचेच जग, त्यातला एखादाच नियम उलटा केलेला. म्हणून पन्नास-साठ वर्षांपूर्वीचे चित्र आजच्या पोरांनाही हसवते.

पुढच्या भारतभेटीत 'हसरी गॅलरी' सामानात टाकाच, वजन फार नाही. मुलांसमोर चित्र ठेवून स्वतः मात्र काही सांगू नका, "काय चाललंय इथे?" एवढेच मराठीत विचारा. खाली ओळच नसल्यामुळे ती मुलालाच रचावी लागते. मग 'पदर', 'नक्षी', 'उंदीर' असे शब्द तेच तुम्हाला विचारू लागते.