घाटमाथ्यावरचे मौन

रसायनीजवळून वाहणारी पाताळगंगा आम्ही नित्य पाहतो. परंतु तिचे पुष्कळसे पाणी घाटावरून आलेले असते, हे सहसा ध्यानात येत नाही. लोणावळा, वळवण येथील तलावांत साठलेले पाणी मोठ्या नळांतून खोपोलीस उतरते. १९१५ सालापासून तेथील टाटांच्या केंद्रात त्यावर वीज निर्माण होत आली आहे. वर पाणी स्थिर साठते म्हणून खाली यंत्र फिरते. ख्रिस्ती प्रार्थनेचा इतिहास वाचताना आम्हाला या पाण्याची आठवण होते.

प्रभू येशूभोवती कफर्णहूमात रोग्यांची गर्दी लोटली होती. तरीही दुसऱ्या दिवशी पहाटेच्या अंधारात उठून तो एकांती प्रार्थनेस गेला, असे संत मार्क सांगतात. आरंभीच्या ख्रिस्तसभेत ‘दिदाखे’ या ग्रंथाने प्रभूची प्रार्थना दिवसातून तीनदा म्हणावयास शिकविले. सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी मठाच्या दिवसाला प्रार्थनेचे प्रहर नेमून दिले. संकेत होताच हातचे काम तेथेच सोडावे, असा त्यांचा नियम होता. संत इग्नाती लोयोला यांच्या ‘आध्यात्मिक साधना’ या ग्रंथास १५४८ साली पोपमहोदयांची मान्यता मिळाली. त्यात दुपारी आणि रात्री आत्मपरीक्षण करण्यास सांगितले आहे. यांपैकी कोणीही वेळ उरण्याची वाट पाहिली नाही. त्यांनी आधी वेळ नेमली.

हाच वारसा आमच्या डोक्यावरच्या घाटात नव्या रूपाने आला. मुंबईत १९३१ साली जन्मलेले येशूसंघीय फादर अँथनी डिमेलो यांनी पुण्यात सुरू केलेली ‘साधना’ संस्था १९७८ साली लोणावळ्यास आली. त्याच वर्षी त्यांचा ‘साधना’ हा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यातील पहिलाच पाठ दहा मिनिटे मौन पाळण्याचा आहे. श्वासाकडे लक्ष देण्याची आपल्या देशातील जुनी रीत त्यांनी ख्रिस्ती प्रार्थनेच्या सेवेस लावली. १९८७ साली ते निवर्तले. पुढे १९९८ साली रोममधील श्रद्धासिद्धांत परिषदेने त्यांच्या काही मतांविषयी सावधगिरीची सूचना दिली. मात्र आरंभीचे लेखन ख्रिस्ती अध्यात्माच्या मर्यादेत होते, असेही तिने नमूद केले. मौन हे साधन आहे, भेट प्रभूची घ्यावयाची आहे, हा बोध आपण त्यातून घ्यावा.

आता घाटाखाली येऊ. १९६० साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान ऑर्गॅनिक केमिकल्सच्या कारखान्यामुळे रसायनीचे नाव सर्वदूर गेले. कारखान्यांच्या गावात वडील रात्रपाळीस, आई डब्यांच्या घाईत, मुले शाळेच्या वाटेवर; सायंकाळच्या जपमाळेस सारे घर एकत्र सापडणे कठीण. पाळ्यांमुळे प्रार्थना होत नाही, असे आपण म्हणत आलो. २०१७ साली या कारखान्याचे येथील बहुतेक विभाग बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने घेतला. पाळी सुटली, तरी किती घरांत मौन आले? मोकळा झालेला तास चिंतेने आणि मोबाईलने व्यापला. अडचण केवळ पाळीची नव्हती, हे आपण कबूल केले पाहिजे.

मठात घंटा वाजविणारा कोणी असतो. घरात ती आपणच वाजवावयाची असते. रात्रपाळीहून परतलेल्याने अंथरुणाला पाठ टेकण्यापूर्वी, गृहिणीने चहाचे आधण ठेवण्यापूर्वी, दहा मिनिटे क्रुसासमोर शांत बसावे. पहिले काही दिवस मन भटकेल. भटकू द्यावे आणि हळूच परत आणावे. तलावही एका पावसात भरत नाही.