ओके

ओके (अन्य रूपे: ओ.के., ओक्के) हा अमेरिकन इंग्रजीत उगम पावलेला आणि जगातील अनेक भाषांत रूढ झालेला शब्द आहे. संमती, मान्यता, पोच, समाधानकारक स्थिती अशा विविध अर्थांनी तो योजला जातो. त्याचा आजवर सापडलेला सर्वांत जुना छापील वापर २३ मार्च १८३९ रोजीच्या 'बॉस्टन मॉर्निंग पोस्ट' या वृत्तपत्रात आहे.

व्युत्पत्ती

इ.स. १८३८-३९ च्या सुमारास बॉस्टनमधील वृत्तपत्रांत शब्दसमूहांची आद्याक्षरे थट्टेने छापण्याची टूम निघाली होती. गंमत वाढावी म्हणून मूळ शब्द मुद्दाम अशुद्ध लिहून त्यांची आद्याक्षरे घेतली जात. 'ऑल राइट' याचे शुद्ध संक्षिप्त रूप ए.आर. असे व्हायला हवे. पण ते ओ.डब्ल्यू. असे छापले जाई. त्याच धर्तीवर 'ऑल करेक्ट', म्हणजे 'सर्व बरोबर', या शब्दांचे ए.सी. असे रूप न करता उच्चारानुसारी चुकीच्या वर्णांवरून ओ.के. असे करण्यात आले. 'सर्व बरोबर' असे सांगणारा हा शब्द स्वतः मात्र अशुद्धलेखनातून जन्मला, हा त्यातील विनोद होय. बॉस्टनच्या पत्रात तो छापताना त्याचा अर्थही लगेच पुढे दिलेला आहे. त्यावरून वाचकांना तो तेव्हा नवा असावा असे दिसते.

या टुमेतील बहुतेक रूपे अल्पावधीत विस्मृतीत गेली. ओके टिकला त्याला १८४० ची अध्यक्षीय निवडणूक कारणीभूत ठरली. तत्कालीन अध्यक्ष मार्टिन व्हॅन ब्युरेन यांचे जन्मगाव न्यूयॉर्क राज्यातील किंडरहुक. त्यावरून त्यांना 'ओल्ड किंडरहुक' म्हटले जाई. या नावाची आद्याक्षरेही ओ.के. अशीच होत असल्याने समर्थकांनी न्यूयॉर्क शहरात 'ओ.के. क्लब' स्थापन केला आणि ही अक्षरे घोषणेसारखी वापरली. विरोधकांनी ती त्यांच्यावरच उलटवली. माजी अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांना शुद्धलेखन येत नसल्याने ते कागदपत्रांवर 'ओ.के.' असा शेरा मारीत, अशी कथा त्यांनी पसरवली. व्हॅन ब्युरेन ही निवडणूक हरले. शब्द मात्र देशभर पोहोचला.

संशोधन

ओकेच्या उगमाचा सप्रमाण शोध कोलंबिया विद्यापीठातील भाषाअभ्यासक ॲलन वॉकर रीड यांनी घेतला. १९४१ मध्ये त्यांनी १८४० च्या निवडणुकीतील ओ.के. क्लबचा पुरावा पुढे आणला. त्यानंतर जुन्या वृत्तपत्रांच्या वाचनात त्यांना त्याहून आधीचे उल्लेख सापडले आणि १९६३-६४ मध्ये 'अमेरिकन स्पीच' या नियतकालिकातील लेखमालेत त्यांनी सुधारित निष्कर्ष मांडला. इंग्रजी कोशकारांनी सामान्यतः तोच स्वीकारला आहे.

अन्य मते

ओकेची व्युत्पत्ती इतर भाषांत शोधण्याचे प्रयत्नही झाले. 'तसेच आहे' अशा अर्थाच्या चॉक्टॉ भाषेतील शब्दाशी त्याचा संबंध जोडण्यात येई. अध्यक्ष वुड्रो विल्सन याच समजुतीने कागदपत्रांवर 'ओकेह' असे लिहीत. पश्चिम आफ्रिकेतील वोलोफ भाषेतून गुलाम म्हणून नेलेल्या लोकांमार्फत तो अमेरिकेत आला, असे मत डेव्हिड डॅल्बी यांनी मांडले. ग्रीक 'ओला काला' (सर्व छान) आणि स्कॉट लोकांचे 'ऑख आय' (होय तर) यांच्याकडेही बोट दाखवले जाते.

केवळ ध्वनिसाम्यावरून व्युत्पत्ती सिद्ध होत नाही. शब्द एका भाषेतून दुसऱ्या भाषेत कसा आला, याचा दुवा दाखवावा लागतो. बॉस्टनच्या वृत्तपत्रांपासून निवडणुकीपर्यंतचा प्रवास छापील नोंदींच्या आधारे दाखवता येतो, हे रीड यांच्या मताचे बळ आहे. मात्र गुलाम आणि मूलनिवासी यांच्या बोलण्याची त्या काळी फारशी नोंदच होत नसे. त्यामुळे छापील पुराव्याची ही कसोटी या दोन मतांना अधिक कठीण जाते, हेही लक्षात घ्यावे लागते.

प्रसार

तारायंत्राच्या काळात संदेश मिळाल्याची पोच देण्यासाठी हा दोन अक्षरी शब्द सोयीचा ठरला. रेल्वेच्या कामकाजातही तो रुळला. १९६१ मध्ये अमेरिकेच्या अंतराळमोहिमांच्या वार्तांकनातून 'ए-ओके' हे रूप लोकप्रिय झाले. पुढे संगणकाच्या पडद्यावरील बटणामुळे इंग्रजी न जाणणाऱ्यांनाही तो परिचित झाला.

अंगठा व तर्जनी जुळवून केलेली खूण अनेक देशांत ओकेची मानली जाते आणि पाणबुडे पाण्याखाली ती वापरतात. ब्राझीलमध्ये मात्र ती असभ्य समजली जाते, तर जपानमध्ये तिचा अर्थ पैसा असाही होतो.

अर्थ आणि मराठीतील वापर

इंग्रजीत ओके हा नाम, विशेषण, क्रियाविशेषण, क्रियापद आणि उद्गार अशा सर्व रूपांत येतो. 'जेवण ओके होते' यात उत्तमही नाही व वाईटही नाही असा मध्यम भाव असतो. 'ओके, उद्या येतो' यात होकार, तर 'ओके, आता पुढचा मुद्दा' यात केवळ विषयांतर असते.

मराठीत तो 'ओके करणे' (मंजूर करणे) अशा संयुक्त क्रियापदांतही आढळतो. ठसक्यासाठी क चे द्वित्व करून 'ओक्के' असा उच्चार होतो. या सर्व छटा पेलणारा एकच मराठी प्रतिशब्द नाही. संमतीसाठी 'चालेल', मान्यतेसाठी 'मंजूर', स्थितीसाठी 'ठीक' असे प्रसंगानुसार शब्द येतात. पोच, होकार आणि विषयांतर या तिन्हींसाठी चालणारा 'बरं' हा त्याला सर्वांत जवळचा म्हणता येईल.

भारतात मालमोटारींच्या मागे रंगवलेल्या 'हॉर्न ओके प्लीज' या मजकुरातही हा शब्द आढळतो. विनाकारण भोंगे वाजवण्यास त्यातून उत्तेजन मिळते, या कारणाने महाराष्ट्राच्या परिवहन विभागाने २०१५ मध्ये या मजकुरास मनाई केली.