कॅव्हिटेशन

दंतवैद्याने ‘कॅव्हिटी’ म्हटलं की खिशाला खड्डा पडणार हे आपल्याला कळतं. मूळ लॅटिन ‘काव्हुस’, म्हणजे पोकळ. गुहेसाठीचा इंग्रजी ‘केव्ह’ही त्याच घराण्यातला. ‘कॅव्हिटेशन’ मात्र घडला जहाजांच्या दुनियेत. १८९०च्या दशकात ब्रिटिश नौदलाची ‘डेअरिंग’ ही विनाशिका अपेक्षित वेग गाठेना. पंख्यांच्या पात्यांमागे दाब इतका कोसळे की पाण्यातच पोकळ्या पडत. जहाज-अभियंते थॉर्निक्रॉफ्ट आणि बार्नबी यांनी हे दुखणं ओळखलं. त्याच्या बारशाचा मान त्याच क्षेत्रातल्या आर. ई. फ्रूड यांचा.

हा शब्द पुढे जेट इंजिनाच्या तेलातही उतरला. तिथे बेअरिंगच्या बाहेरच्या कड्याभोवती तेलाचा पातळ थर असतो, साधारण मिलिमीटरचा दहावा भाग. कडं स्वतःभोवती फिरत नाही, पण इंजिनाचा फिरता भाग, म्हणजे रोटर, जरा असमतोल झाला की घिरट्या घालतं. पुढचं तेल चेपलं जातं आणि त्या विरोधात कंप जिरतो. मागे मात्र थर ताणला जातो, दाब घसरतो आणि बुडबुडे धरतात. कधी तेलाचीच वाफ, कधी त्यात विरघळलेली हवा. कंप जिरवण्याची ताकद तेवढी घटते.

थराच्या टोकाशी फट असेल तर बाहेरची हवाही आत ओढली जाते. काहीजण तिलाही कॅव्हिटेशन म्हणतात. मला ते पटत नाही. ती पोकळी नव्हे, घुसखोरी.