ऑक्सफर्डचे दरवाजे आणि नाशिकची लेक



मागच्या बैठकीत हप्ते गोळा करून झाले, वही मिटली, आणि एका ताईंनी मोबाईल काढला. त्यांची भाची नोकरीसाठी लंडनला असते. एका सुट्टीच्या दिवशी ती ऑक्सफर्ड बघून आली होती. तिचा फोटो सगळ्यांच्या हातातून फिरला. भल्यामोठ्या लाकडी दरवाजासमोर भाची उभी. दरवाजा बंद, त्यातली छोटी दिंडी तेवढी उघडी. फोटो बघून गटातल्या आजींनी विचारलं, "एवढ्या मोठ्या शाळेत बायकांना कधीपासून घेतात गं?"

आम्हाला उत्तर आलं नाही. मग पंधरा दिवस आम्ही वाचलं, भाचीला फोन करून विचारलं. तेव्हा कळलं, की एक साल सांगून या प्रश्नाचं उत्तर होत नाही. म्हणून आज आपण रेडिओवरूनच ऑक्सफर्डला जाऊ आणि आजींचं उत्तर शोधत फिरू.

लंडनहून रेल्वेने साधारण तासाभरात हे गाव येतं. नाव ऐकायला भारदस्त, पण अर्थ आपल्या ओळखीचा आहे. ऑक्स म्हणजे बैल, फोर्ड म्हणजे नदीचा उतार. थेम्स नदीवर जिथून बैल पार व्हायचे, ती ही जागा. इथे १०९६ सालीसुद्धा शिकवणं चालू होतं असं सांगतात. म्हणजे आपल्या शिवरायांच्या जन्माच्या पाचशेहून जास्त वर्षं आधी.

फिरायला निघालं की पहिली गंमत ही, की "विद्यापीठ कुठे आहे?" असं विचारून चालत नाही. एक फाटक, एक इमारत असं ते नाहीच. तीसहून जास्त कॉलेजं गावभर पसरलेली आहेत आणि ती सगळी मिळून विद्यापीठ. जुनं कॉलेज म्हणजे आपल्याकडचा चौसोपी वाडा डोळ्यांपुढे आणा. रस्त्याच्या बाजूला उंच दगडी भिंत, मोठा दरवाजा, त्यात दिंडी. आत शिरताच देवडी आणि तिथे राखणीला माणूस. पुढे हिरवळीचा चौक. चौकाच्या भोवती राहायच्या खोल्या, जेवणाचं दालन, ग्रंथालय आणि प्रार्थनेचं देऊळ, म्हणजे त्यांचं चर्च. पर्यटकांना ठरलेल्या वेळीच आत सोडतात, काही ठिकाणी तिकीटही लागतं.

क्राइस्ट चर्च नावाच्या कॉलेजच्या दरवाजावर मोठी घंटा आहे. रोज रात्री नऊ वाजून पाच मिनिटांनी ती एकशे एक टोले देते. पूर्वी त्या टोल्यांवर कॉलेजांचे दरवाजे बंद व्हायचे. आता दरवाजे असे बंद होत नाहीत, पण टोले अजून पडतात.

तिथून थोडं चालत गेलं की बॉडलियन ग्रंथालय येतं. ते १६०२ साली उघडलं. तिथलं पुस्तक तिथेच बसून वाचायचं, घरी न्यायचं नाही, असा नियम. १६४५ साली खुद्द इंग्लंडच्या राजाने पुस्तक मागवलं, तर त्यालाही नाही म्हणून सांगितलं. राजासाठीसुद्धा नियम वाकला नाही, हे ऐकून आम्हाला कौतुक वाटलं.

पण मैत्रिणींनो, नियम कडक असला की तो सगळ्यांना सारखा लागतो असं नाही. याच गावात शेकडो वर्षं दुसराही एक नियम होता. तो म्हणजे शिकायला येणार ते फक्त मुलगे. शिकवणारेही पुरुष, आणि जुन्या कॉलेजांतल्या बहुतेक शिक्षकांना लग्न करायचीसुद्धा मनाई होती. ती मनाई एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी शेवटी उठली. बाई कुठे बसेल, याचा विचार करायची वेळच त्यांच्यावर आली नव्हती.

आता आजींच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर. १८७९ साली मुलींसाठी दोन वसतिगृहं निघाली. एक लेडी मार्गारेट हॉल, दुसरं सॉमरव्हिल. सॉमरव्हिलमध्ये पहिल्या वर्षी बारा जणी होत्या. व्याख्यानाला बसता येई, पण सोबत एक मोठी बाई राखणीला घेऊन. पुढे परीक्षाही देता आल्या. मात्र पास झालं तरी पदवी नाही. अभ्यास तोच आणि पेपरही तोच, पण पदवीचा कागद मात्र मुलग्यांनाच.

याच सॉमरव्हिलच्या दारात १८८९ साली आपल्या नाशिकची लेक येऊन उभी राहिली. कॉर्नेलिया सोराबजी. जन्म नाशिकचा, १८६६ सालचा. वडील पारशी, पुढे ख्रिस्ती झालेले. आई फ्रान्सिना यांनी पुण्यात शाळा चालवल्या. कॉर्नेलियाबाई पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकल्या आणि मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या महिला पदवीधर झाल्या. इतके चांगले गुण होते, की विलायतेला जायची सरकारी शिष्यवृत्ती त्यांना मिळायला हवी होती. पण ती पुरुषांसाठी आहे म्हणून नाकारली गेली. मग इंग्लंडमधल्या काही स्नेह्यांनी वर्गणी काढली. आजारी सैनिकांची सेवा करणाऱ्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचाही त्यात वाटा होता. चार जणींनी थोडं थोडं घातलं की एकीचं काम होतं, हे आपल्या गटांना काय सांगायचं!

ऑक्सफर्डला बाईंनी कायदा शिकायला घेतला. त्याआधी तिथे कुठल्याच बाईने कायदा शिकला नव्हता. १८९२ साली कायद्याच्या मोठ्या परीक्षेची वेळ आली, तेव्हा बाईला बसू द्यायचं की नाही, हाच प्रश्न उभा राहिला. शेवटी विद्यापीठाला खास ठराव करावा लागला. बाई पुरुषांच्या बरोबरीने परीक्षेला बसल्या आणि पास झाल्या. पण पदवी मिळाली नाही. रिकाम्या हाताने त्या परत आल्या.

इथे आल्यावरही तेच झालं. मुंबईची कायद्याची परीक्षा दिली, अलाहाबादची वकिलीची परीक्षा दिली. पास झाल्या, पण वकिलीची सनद काही मिळाली नाही. तरी त्या थांबल्या नाहीत. पडद्यात राहणाऱ्या, जमीनजुमला असूनही कोर्टाची पायरी न चढू शकणाऱ्या बायकांची बाजू मांडायचं काम त्यांनी हाती घेतलं. १९०४ पासून बंगालमध्ये सरकारी नेमणुकीवर त्यांनी हेच काम केलं. विधवा आणि पोरक्या मुलांच्या मालमत्तेवर नातलग टपलेले असायचे, त्यांची प्रकरणं त्या बघायच्या. पुढे इंग्रजांच्या राज्याची बाजू घेतल्यामुळे आणि गांधीजींना विरोध केल्यामुळे आपल्याकडे त्यांचं नाव मागे पडलं. त्यांची ती मतं आम्हालाही पटत नाहीत. पण त्यांनी चाललेली वाट खोटी होत नाही.

आता ऑक्सफर्डला परत जाऊ. बॉडलियनच्या शेजारीच शेल्डोनियन नावाचं गोल पाठीचं सभागृह आहे. १६६९ साली बांधून झालेलं. पदवीदान इथेच होतं. १९२० च्या ऑक्टोबरमध्ये नियम बदलला आणि १४ ऑक्टोबरला याच सभागृहात बायकांना पहिल्यांदा पदव्या मिळाल्या. आधी शिकून गेलेल्यांनाही आपली राहिलेली पदवी मागता येऊ लागली. कॉर्नेलियाबाईंना त्यांची पदवी १९२२ साली मिळाली. परीक्षा दिल्यावर तीस वर्षांनी. पंचविशीतली पोर पेपर लिहून गेली आणि पंचावन्न वर्षांची बाई कागद घ्यायला आली. पुढच्याच वर्षी, १९२३ साली, आपल्या देशात कायदा झाला आणि बायकांना वकिलीची वाट मोकळी झाली.

तरीही सगळे दरवाजे उघडले नव्हते. १९२७ साली विद्यापीठाने मुली किती घ्यायच्या यावर मर्यादा घातली. ती तीस वर्षं राहिली. पुरुषांच्या जुन्या कॉलेजांनी मुली घ्यायला सुरुवात केली ती १९७४ साली, आणि शेवटच्या जुन्या कॉलेजने १९८५ साली. म्हणजे आमच्यातल्या काही जणी तेव्हा जन्मलेल्या होत्या.

तर आजी, असं आहे. बसू दिलं १८७९ साली. पदवी दिली १९२० साली. सगळी जुनी दारं उघडायला १९८५ उजाडलं. पर्यटकाला तिथे दगडी भिंती दिसतात, पण बाईला अडवलं ते नियमाच्या कागदाने. तो कागद बदलला, तेव्हाच दार उघडलं.

हे सगळं वाचताना आमच्या मनात आपल्या गावाचेच विचार येत होते. बसू देणं वेगळं आणि नाव लागणं वेगळं. शेतात राबते ती, पण सातबाऱ्यावर तिचं नाव आहे का? घर तिने सारवलं, पण घराच्या उताऱ्यावर कोण आहे? ग्रामसभेत आपण जाऊन बसतो, पण आपण मांडलेला विषय ठरावाच्या वहीत लिहिला गेला का? तो वाचून बघितला का?

आमच्यातल्या काही जणी लग्नानंतर, लेकरं सांभाळून, मुक्त विद्यापीठातून बी.ए. झालो. हे विद्यापीठ १९८९ साली सुरू झालं. कॉर्नेलियाबाई ऑक्सफर्डला गेल्या त्याला तेव्हा शंभर वर्षं झाली होती. आणि ते आहे कुठे? नाशिकला. त्याला दगडी दरवाजा नाही की देवडी नाही. पुस्तकं घरी आली, अभ्यास चुलीपुढे झाला. आमच्या एका मैत्रिणीचं प्रमाणपत्र आलं, तेव्हा तिच्या सासूबाईंनी ते हातात घेतलं आणि वाचता येत नसूनही विचारलं, "यात तुझं नाव कुठंय, दाखव." मैत्रिणीने बोट ठेवलं. सासूबाईंनी त्या जागेवरून हात फिरवला.

तर या महिन्यात प्रत्येक गटाने एक काम करायचं. बैठकीला येताना घराचा उतारा आणि सातबारा घेऊन यायचा. वाचता येतं तिने वाचून दाखवायचं. आपलं नाव कुठे आहे, ते शोधायचं. नसेल तर काय करायचं, ते पुढच्या भेटीत बोलू.

नमस्कार.