ब्लँकेटांचा नकाशा

१९९६च्या नोव्हेंबरात कॅनडाच्या शाही आयोगाने देशातल्या आदिवासींविषयीचा अहवाल मांडला. पाच खंड, सुमारे चार हजार पाने, ४४० शिफारशी. आयोग नेमला गेला तो ओका गावच्या प्रकरणानंतर. १९९० साली मोहॉक लोकांच्या पूर्वापार पाइनराईत गोल्फचे मैदान वाढवायचा घाट घातला गेला, मोहॉकांनी रस्ते अडवले, लष्कर आले आणि ७८ दिवस तिढा सुटेना. हे लोक एवढे का चिडलेत, असा प्रश्न शहरांतल्या अनेकांना तेव्हा प्रथमच पडला. उत्तर त्या चार हजार पानांत होते. पण चार हजार पाने वाचतो कोण?

चर्चसंस्थांच्या एका आघाडीतल्या कार्यकर्त्यांनी यावर तोड काढली. आदिवासी ज्येष्ठांना आणि शिक्षकांना सोबत घेऊन १९९७ साली त्यांनी अहवालाचा सारांश जमिनीवर अंथरला. पुढे ही आघाडी ‘कैरोस’ या संस्थेत सामील झाली आणि ‘ब्लँकेट एक्सरसाइज’ शाळाशाळांत पोहोचली.

रीत साधी आहे. वर्गातली बाके भिंतीला लावायची आणि मध्ये ब्लँकेटे पसरायची. हा उत्तर अमेरिका खंड. मुलांनी जोडे काढून त्यावर यायचे, हिंडायचे, एकमेकांशी देवघेव करायची. हे इथले मूळ लोक. एकदोघे गोरे वसाहतवाले होतात, एक जण निवेदन वाचतो. १७६३चा राजाचा जाहीरनामा येतो: आदिवासींची जमीन फक्त राजसत्तेनेच, आणि रीतसर बोलणी करूनच घ्यायची. मग तह येतात, आणि वसाहतवाले एकेक ब्लँकेट दुमडू लागतात. उभे राहायचे तर दुमडलेल्या तुकड्यावरच. काहींच्या हातात आधीच रंगीत चिठ्ठ्या दिलेल्या असतात. निवेदकाने देवीच्या साथीचे नाव घेतले की ठरलेल्या रंगाच्या चिठ्ठीवाले ब्लँकेटावरून उतरतात. तेही ब्लँकेटच, ज्याच्या आडून साथ पसरवायचा प्रयत्न झाला: १७६३ साली पेनसिल्व्हेनियातल्या फोर्ट पिटमधून इंग्रजांनी वाटाघाटीला आलेल्या डेलावेअर लोकांना देवीच्या इस्पितळातली ब्लँकेटे भेट दिली होती.

तह नकाशावर दाखवायची कल्पना काही नवी नव्हे. अमेरिकेत चार्ल्स रॉइस याने केलेले ६७ नकाशे १८९९ साली छापून निघाले. कोणत्या तहाने कुठला तुकडा सरकारकडे आला, ते रंग आणि क्रमांक घालून दाखवलेले. मेहनत अफाट, अभ्यासक आजही तेच नकाशे उघडतात. पण ती शेवटी घेणाऱ्याच्या दप्तरातली फेरफाराची नोंदवही. जमीन कुणाकडून कुणाकडे गेली एवढे कळते; त्या जमिनीवर माणसे किती होती आणि किती उरली, याचा रकाना तिच्यात नाही.

ब्लँकेटांवर तो रकाना आपोआप भरतो, कारण माणसे नकाशावरच उभी असतात. शाही आयोगाने युरोपीय आले तेव्हाची कॅनडातली आदिवासींची लोकसंख्या सुमारे पाच लाख धरली. १८७१च्या शिरगणतीत ती लाखाच्या आसपास आली. तीस मुलांच्या वर्गात हे प्रमाण लावले तर सहा जण ब्लँकेटांवर उरतात. बाकीचे चोवीस कडेला बसून बघतात. पाठ्यपुस्तकातला स्तंभालेख हे काम करू शकत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

लढाईत जिंकून तहात हरणे आपल्या परिचयाचे. कॅनडात बहुतेक ठिकाणी लढाई न होताच तहात हरणे झाले. ३ ऑगस्ट १८७१ला लोअर फोर्ट गॅरी इथे कॅनडा सरकारचा पहिला क्रमांकित तह झाला. गुरे, शेतीची अवजारे अशी तोंडी दिलेली वचने कागदावर उतरलीच नाहीत. प्रमुखांनी चिकाटी सोडली नाही, तेव्हा १८७५ साली सरकारने त्यातली काही मान्य केली आणि माणशी वार्षिक रक्कम तीन डॉलरवरून पाचवर नेली. आजही ती पाचच आहे. वर्षातून एकदा समारंभाने, लाल गणवेशातल्या पोलिसाच्या साक्षीने, रोख हातात पडते. दाद मागायची सोयही नव्हती: १९२७ ते १९५१ जमिनीच्या दाव्यासाठी वर्गणी गोळा करणे किंवा वकील देणे हाच गुन्हा होता.

या पद्धतीत एक धोका आहे. वर्गात आदिवासी मूल असेल तर त्याला आपल्याच पणजोबांचे मरण पुन्हा उभे राहून पाहावे लागते, आणि शेजारचा मुलगा गंमत म्हणून ब्लँकेट दुमडत असतो. म्हणूनच आदिवासी ज्येष्ठ हजर असणे आणि शेवटी सगळ्यांनी गोल बसून एकेकाने बोलणे, हा त्यातला सोडता न येणारा भाग. घाईत तास उरकणाऱ्या शिक्षकाने याला हात लावू नये.

२०१५ साली कॅनडाच्या सत्यशोधन आयोगाने आदिवासी मुलांच्या निवासी शाळा आणि तह हे विषय बालवाडीपासून बारावीपर्यंत सक्तीचे करा, अशी मागणी केली. २०१८ मध्ये शाळांसाठी मुलांनी चालत फिरायचा एक अवाढव्य नकाशा निघाला. त्यावर आजच्या प्रांतांच्या सीमा नाहीत. पण ब्लँकेटे स्वस्त, आणि दुमडता येतात.

टोरंटोजवळच्या मिसिसॉगा आणि ब्रॅम्प्टनमध्ये मराठी घरे आहेत. पहिल्या शहराचे नावच तिथल्या मूळ लोकांचे. त्याच लोकांकडून झालेल्या १७८७च्या टोरंटो खरेदीचा दस्त नंतर उघडला तेव्हा कोरा निघाला. प्रमुखांची चिन्हे वेगळ्या कागदांवरून त्याला चिकटवलेली. १८०५ साली दहा शिलिंगांत तो व्यवहार पक्का केला गेला, आणि २०१० साली या आणि आणखी एका दाव्याची मिळून भरपाई ठरली १४ कोटी ५० लाख डॉलर. ब्रॅम्प्टनची जमीन १८१८च्या, जुन्या क्रमवारीतल्या १९ क्रमांकाच्या तहातली: ६ लाख ४८ हजार एकर, वर्षाला ५२२ पौंड १० शिलिंगांच्या मालावर. तिकडे राहत असाल तर आपले घर कोणत्या तहाच्या जमिनीवर आहे, ते मुलांसोबत नकाशावर शोधून पाहा.